शेवंतीची बांग

पहाटे चार वाजून अठरा मिनिटांनी आमच्या शेवंतीने बांग दिली.

बांग म्हणणं हा माझा मोठेपणा. गंजलेलं शटर कुणीतरी अर्ध्यावर उचलून सोडून द्यावं, तसा तो आवाज होता. मी अंथरुणात उठून बसलो. ही आधीच बसली होती.

“अहो, शेवंतीच्या घशात काहीतरी अडकलंय.”

“तांदूळ असेल,” मी म्हटलं.

पुन्हा शटर उचललं गेलं.

“दोन दाणे असतील,” ही म्हणाली.

चारकोपच्या त्या अंधारात आम्ही दोघं पदवीधर माणसं जिन्याखाली आरवणारा धडधडीत कोंबडा ऐकत होतो आणि आळ तांदळावर घेत होतो. याला कारण होतं. गेले अडीच महिने शेवंती ही मुलगी आहे, असं आमच्या घराने, घराने कशाला, पस्तीस घरांच्या अख्ख्या सोसायटीने एकमताने ठरवलं होतं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या रंगावरसुद्धा एकमत झालेलं नाही.

शेवंती आणि तिच्या बहिणी जानेवारीत आल्या. शाळेच्या फाटकाबाहेर एक माणूस पुठ्ठ्याचा खोका घेऊन बसला होता आणि खोक्यात रंगपंचमी चालू होती. गुलाबी, हिरवी, पिवळी, अबोली रंगाची पिल्लं. वीस रुपयाला एक. लेकीने माझं बोट असं धरलं, की ते परत मिळवायचं तर खरेदीवाचून इलाज नव्हता.

“सब मुर्गी है ना?” मी जाणकारासारखं विचारलं.

“एकदम मुर्गी, साब. सौ टका.”

शंभर टक्के म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी पाच घेतली. पाचवं पहिल्याच आठवड्यात गेलं. त्याबद्दल लेक अजून बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. उरलेल्या चौघींची नावं रंगावरून पडली: गुलाबो, पोपटी, शेवंती आणि अबोली.

आमचं घर म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात म्हाडाने जे भूखंड पाडले, त्यातल्या एकावरचं. भूखंड इतका बेताचा, की आम्ही माणसं जमिनीला समांतर न वाढता वरवर वाढलो. तळमजला, मग माळा, मग पहिला मजला, मग पत्रा. या सगळ्या वाढीत जिन्याखालचा एक तिकोनी कोपरा कुणाच्याच नजरेतून सुटला होता. तिथे जुन्या टीव्हीच्या ट्रॉलीला जाळी मारून मी खुराडं केलं. जाळी मारताना अंगठ्यावर हातोडी दोनदा बसली. पण त्या रात्री विजेच्या बिलाच्या पाठीवर मी जो हिशेब केला, त्याने अंगठा दुखायचा थांबला. चांगली लेगहॉर्न कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. चार गुणिले तीनशे, बाराशे. आमच्याने एवढी खाववणार नव्हती. म्हणजे विक्री आली.

दुसऱ्या दिवशी मार्केटातल्या अंडेवाल्याला मी सांगून टाकलं, “यापुढे आम्हांला अंडी लागणार नाहीत. उलट तुम्हालाच लागली तर सांगा.” तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्यानंतर तीन महिने मी अंडी आणायला दोन सेक्टर पलीकडे जात होतो आणि येताना पिशवीत वरून कोथिंबीर ठेवत होतो.

तीन आठवड्यांत पिल्लांना खरी पिसं फुटली आणि निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांचे उतरतात तसे चौघींचे रंग उतरले. खालून निघाल्या चार पांढऱ्याशुभ्र. आता गुलाबो कोण नि पोपटी कोण, हेच कळेना. बाईमाणूस की बाप्या ही फार पुढची गोष्ट. लेकीने नव्याने बारसं केलं. “जी सगळ्यांना टोचते ती शेवंती. जी पळते ती गुलाबो. जी खाते ती पोपटी. आणि जी काहीच बोलत नाही ती अबोली.” नाव ठेवायची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

आणि मग एके संध्याकाळी शेजारच्या वहिनी जाळीतून डोकावून म्हणाल्या, “कोंबड्या आहेत की कोंबडे?”

एवढंच. पण शंकेचं असं असतं, की ती येताना एकटी येते आणि पाठोपाठ तज्ज्ञ येतात.

पहिले आले तात्या. तात्या मूळचे देवगडचे. त्यांनी जाळीजवळ बसकण मारली, चष्मा पुसला आणि निकाल दिला. “चारय कोंबयो. माका इचार. माझो जन्म गेलो कोंब्यांत.” तात्यांचा जन्म परळच्या गिरणीत गेला होता हे सगळ्या सेक्टरला माहीत होतं, पण निकाल आमच्या बाजूचा असल्यामुळे आम्ही साक्षीदाराची उलटतपासणी घेतली नाही. जाता जाता ते म्हणाले, पुढच्या वेळी अंडीच आणून उबव, टोकदार अंड्यातून कोंबो येता, गोल अंड्यातून कोंबी. समोरचे निवृत्त कंडक्टर काका तिथेच उभे होते. ते म्हणाले, बरोब्बर उलटं. दोघं अर्धा तास भांडले. मला पुढे वाचनात आढळलं, की टोकदार अंड्यातून मादी निघते असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय आणि मादी गोल अंड्यातून निघते असं रोमच्या प्लिनीने. म्हणजे हे भांडण दोन हजार वर्षांचं जुनं आहे, फक्त मधल्या काळात ते आमच्या जिन्यापाशी आलं. अंड्याच्या आकाराला यातलं काहीच माहीत नसतं.

मग आईने सूत्रं हाती घेतली. सोन्याची अंगठी दोऱ्याला बांधून पिल्लाच्या डोक्यावर धरायची. गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. पंखा बंद केला. सगळ्यांनी श्वास धरले. शेवंतीवर अंगठी गोल फिरली. गुलाबोवर गोल. पोपटीवर गोल. अबोलीवर मात्र ती घड्याळाच्या लंबकासारखी सरळ मागे-पुढे झुलू लागली.

“अबोली मुलगा?” लेकीचा चेहरा पडला.

“वारा आला,” आई म्हणाली.

“आई, पंखा बंद आहे.”

“मग तुझा श्वास लागला. लांब हो.”

मी लांब झालो. आईने अंगठी पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेला ती गोल फिरली. निकाल चार-शून्य. आईने तिथल्या तिथे जाहीर केलं, की पहिलं अंडं मिळालं की सोसायटीत बर्फी वाटायची. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा आपल्याकडचा रिवाज. आणि ज्या घराण्यात तीन पिढ्या फक्त पेढ्यांची वाट पाहिली गेली, त्या घराण्यात चार मुलींसाठी अंगठी पुन्हा पुन्हा फिरवली जात होती. मुली अंडी घालणार असल्या की माणसाचे विचार किती सुधारतात!

विरोधी मत फक्त एकच पडलं. चारकोप गावातून येणारी कोळीण मावशी दारात टोपली उतरवून बोंबलाचा भाव सांगत होती. सांगता सांगता तिचं लक्ष जाळीकडे गेलं. “यो कोंबरा हाय,” ती शेवंतीकडे हनुवटी करून म्हणाली. ना बसली, ना चष्मा पुसला, ना अंगठी मागितली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मावशीचं क्षेत्र मासळी.

तरी माझ्या मनात पाल चुकचुकली होतीच. शेवंतीला खोक्यात घालून मी प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघालो. दवाखाना नवा होता, शेजारीशेजारी दोन काचेची दारं होती आणि खोक्यामुळे मला पुढचं दिसत नव्हतं. मी आत गेलो आणि काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “मुलगा आहे की मुलगी, एवढंच बघायचंय.”

ती मुलगी पांढरीफटक पडली. तिने काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. बाकावरच्या चार बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, की आता यांतली कुणीतरी पोलिसांना फोन करणार.

“कोंबडीचं हो!” मी ओरडलो आणि पुरावा म्हणून खोका उघडला. पुरावा उडाला आणि वजनकाट्यावर जाऊन बसला.

शेजारच्या दारातला डॉक्टर कुत्र्यामांजरांचा होता. त्याने शेवंतीला दोन बोटांनी वर उचललं, वरून बघितलं, खालून बघितलं आणि म्हणाला, “थांबा महिनाभर. आपोआप कळेल.”

“आपोआप कळणार असेल तर तुम्ही कशाला?”

“म्हणूनच अर्धी फी घेतोय,” तो म्हणाला.

त्या रात्री मी वाचायला बसलो. अज्ञान फी भरून घरी आणलं, की वाचन वाढतं. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखणं ही जगातली एक अस्सल कारागिरी आहे. मासुई आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात ती शोधून काढली. पिल्लू उलटं धरायचं, शेपटीखाली हलकेच दाबायचं आणि आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे का, तो कसा आहे, हे क्षणात ओळखायचं. त्यांचं पुस्तक १९३३ साली इंग्रजीत आलं आणि जपानी कारागीर हे काम करायला देशोदेशी जाऊ लागले. मुरलेला माणूस तासाला हजारभर पिल्लं निवडतो, आणि शंभरात फार तर दोन चुकतो. काही जातींत तेवढंही करावं लागत नाही. त्यांची पैदासच अशी केलेली असते, की पंख उलगडला आणि पिसांची लांबी बघितली की काम झालं. तासाला हजार! आणि आम्ही, सोसायटीतले सव्वाशे लोक, दोन महिन्यांत चार पिल्लांवर चर्चा करत होतो.

आणखी एक गोष्ट कळली. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत मात्र आईकडून. म्हणजे “आमच्या सुनेला मुलीच होतात” असं म्हणायला कोंबडीच्या सासूपाशी शास्त्राचा आधार आहे. माणसांतल्या सासवांना तो नसूनही त्यांचं कुठे अडलं नाही.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असेन, असं तुम्हाला वाटेल. पण तोवर शेवंतीच्या डोक्यावर लालभडक तुरा आला होता आणि आमच्याकडे त्याला उत्तर तयार होतं. “रोज पालक देते ना मी, रक्त चांगलं आहे,” ही म्हणाली. शेपटीची पिसं कमानीसारखी वळली. “आजीवर गेलीय,” लेक म्हणाली. कुणाची आजी ते विचारायचं मी टाळलं. शेवंती आणि गुलाबो एकमेकींवर छाती काढून धावून जाऊ लागल्या. “बहिणीबहिणी आहेत, भांडणारच,” आई म्हणाली. तिच्या दोन बहिणी नालासोपाऱ्याला आहेत.

मग ती चार-अठराची पहाट उगवली, म्हणजे उगवायची होती. तिसऱ्या बांगेनंतर तांदळाचे दाणे संपले. तरी मी एक शेवटचा आधार शोधून काढला. कोंबडीच्या पोटात बहुधा डावाच बीजकोश काम करतो. तो बिघडला तर क्वचित एखादी कोंबडी तुरा वाढवते, आरवतेसुद्धा. “आजारी असेल बिचारी,” मी म्हटलं. याच्या उलट भानगड एकदा युरोपात झाली होती. आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या बाझल शहरात १४७४ साली एका कोंबड्याने अंडं घातल्याचा आरोप आला, रीतसर खटला चालला आणि त्याला जाहीरपणे जाळण्यात आलं. त्या मानाने आमचे सेक्रेटरी सौम्य. ते सकाळी सात वाजता नुसते बनियनवर आले.

“पहाटे काय होतं ते?”

“आजारी आहे.”

“कोण?”

“शेवंती.”

“कोंबडा आहे तो.”

“अजून नक्की नाही.”

सेक्रेटरी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नियमावली काढली. “पाळीव पक्षी म्हणाल तर पोपट चालतो.”

“त्यात एक पोपटी आहे,” मी म्हटलं. बनियनवरच्या माणसाशी विनोद करू नये, हे मला तेव्हा समजलं.

त्या रात्री मी म्हणीची परीक्षा घेतली. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण झाकल्याने कोंबडं आरवायचं राहतं का, हे कुणी सांगत नाही. शेवंतीवर डालगं घातलं, डालग्यावर गोधडी, गोधडीवर शाळेच्या रेनकोटाचा थर. चार-अठराला आतून बांग आली, थोडी घुमून, गाभाऱ्यातून यावी तशी. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रयोग माझ्याआधीच, जरा नीटसपणे, केला होता. २०१३ साली त्यांनी दाखवलं, की कोंबडे सतत मंद उजेडात कोंडले तरी आपल्या वेळेवर आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या आतच असतं. पुढे त्यांना असंही आढळलं, की पहिली बांग द्यायचा मान कळपातल्या सर्वांत वरच्या कोंबड्याचा; त्याची झाली की बाकीचे मानाच्या क्रमाने आरवतात.

हे तर आम्ही रोज ऐकतच होतो. आठवड्याभरात शेवंतीमागून गुलाबो आरवू लागली, गुलाबोमागून पोपटी. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. अबोली मात्र गप्प. ती वार्षिक सर्वसाधारण सभेतल्या साध्या सभासदासारखी मागे उभी राहून ऐकायची.

“लाजाळू आहे,” मी म्हटलं, “खालचा नंबर आहे ना. त्याची पाळी यायचीय.” लक्षात घ्या, आता मी ‘त्याची’ म्हणू लागलो होतो. एकदा फसलेला माणूस दुप्पट हुशार होतो. अबोलीचा तुरा छोटा होता, तर मी म्हणायचो खाण्यात मागे पडतो. शेपटी सरळ होती, तर म्हणायचो अजून वय नाही. अबोली उगाच कोपऱ्यात पाचोळा उकरून त्यावर बसून बघायची, तर म्हणायचो नाटकी आहे.

शेवटचा खुलासा त्या खोकेवाल्याने केला. परीक्षा संपायच्या सुमारास तो पुन्हा शाळेबाहेर दिसला, तसाच खोका, तीच रंगपंचमी. मी तरातरा गेलो.

“सौ टका मुर्गी बोला था ना?”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “मुर्गी होती तो कंपनी छोडती क्या, साब?”

हे एवढं साधं होतं. अंड्यांसाठी पैदास करणाऱ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी पिल्लं निवडतात. माद्या पिंजऱ्यांकडे जातात आणि नर नकोसे होतात, कारण ते अंडी घालत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही लवकर धरत नाही. जगभर अशी पिल्लं त्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतली काही रंगात बुचकळून शाळांपुढे येतात. म्हणजे ज्या प्रश्नावर तात्या, अंगठी, डॉक्टर, ॲरिस्टॉटल आणि मी असे सगळे झटलो, तो आमचा खोका भरण्याआधीच कुणीतरी काही सेकंदांत सोडवून टाकला होता. मी वीस-वीस रुपयांना उत्तरच विकत घेतलं होतं आणि घरी आणून त्याचा प्रश्न केला होता.

मग सेक्रेटरींची चिठ्ठी आली, तीही छापील. जुलैअखेर गटारी, आणि सोसायटीतले दोघं-तिघं आत्तापासूनच जाळीजवळ येऊन “वजन किती झालं?” असं प्रेमाने विचारू लागले होते. लेकीने खुराड्यापुढे उपोषण करायची तयारी चालवली. अखेर तात्यांनी तोडगा काढला. ते मे महिन्यात गावी जाणार होते, चौघांना घेऊन जातील, त्यांच्या भावाच्या परड्यात फिरतील. “मारूचे नाय,” त्यांनी लेकीला शब्द दिला. “चार कोंबे एका परड्यात?” मी विचारलं. “माका इचार,” तात्या म्हणाले.

गाडीत पहाटे चार-अठराला काय झालं, ते तात्यांनी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी आपण एस्टीने न जाता रेल्वेने जाणार, एवढंच ते म्हणाले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी तात्या दारात आले, फोन हातातच होता, चेहऱ्यावर जन्म कोंब्यांत गेल्याचं तेज.

“तुमच्या अबोलीन अंडा घातल्यान.”

घरात कुणी काही बोललं नाही. शंभरात दोन चुका. त्या तासाला हजारच्या कारागिराची एक चूक आमच्या खोक्यात येऊन पडली होती, चार महिने आमच्या जिन्याखाली पाचोळ्यावर बसून सांगत होती, आणि आम्ही तिला नाटकी म्हणून देवगडला पाठवून दिली होती.

आईने शांतपणे बोटातली अंगठी फिरवली. “बघा,” ती म्हणाली, “तीन गोल, एक सरळ. अंगठीने पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. दोरा उलटा धरला गेला माझ्याकडून.”

बोललेलं पाळायचं म्हणून मला मार्केटात पिटाळलं. अंडेवाल्याच्या समोरूनच जावं लागतं. मी मान खाली घालून गेलो. मिठाईवाला ओळखीचा. त्याने अर्धा किलो बर्फी तोलताना हसून विचारलं, “मुलगी झाली वाटतं?”

“मुलगी होतीच,” मी म्हटलं. “आम्हांला आत्ता कळलं.”

त्याने तोलणं थांबवलं आणि मला पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.